६३ टक्के कुणाचे?

गेल्या जुलैत मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. हिरवं वर्तुळ, मध्ये ठळक ६३%, वर एका मोठ्या विद्यापीठाचं नाव. खाली त्याचा प्रश्न: "ताई, तुझी पीएच.डी. आकड्यांचीच आहे ना? हे खरं मानू का?"

आमचा हा धाकटा कॅलिफोर्नियात असतो. मामा-मामी मूळचे साताऱ्याचे, तिकडे जाऊन वीस वर्षं झाली. बारावीनंतर त्याने थेट विद्यापीठात न जाता घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. तिकडे हा रस्ता नेहमीचा आहे. पहिली दोन वर्षं कमी फीच्या स्थानिक कॉलेजात करायची आणि मग ट्रान्सफर घेऊन तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जायचं. डिग्री त्या मोठ्या विद्यापीठाची मिळते. आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट द्वितीय वर्षाला जातात, वरवर पाहता तसंच.

मी बसमध्ये होते. एका हाताने टाइप केलं, "६३ जरा जास्त वाटतंय. ४० धर."

ऑगस्टमध्ये मामीचा फोन आला. "अगं, तू त्याला काय सांगितलंस? त्याने ऑरगॅनिक केमिस्ट्री काढून टाकली!" त्याचं गणित सरळ होतं. ताई म्हणते चाळीस टक्के, म्हणजे चान्स आहे. चान्स जीपीएवर अवलंबून आहे, कारण कॅल्क्युलेटरमध्ये ३.९ चा जीपीए ३.७ केला की हिरवं वर्तुळ पिवळं होतं, हे त्याने करून पाहिलं होतं. ऑरगॅनिक अवघड, तिथे 'बी' ग्रेड मिळायची भीती. मग कशाला घ्यायची?

आता हे पाहा. त्याला जीवशास्त्रात जायचंय. ऑरगॅनिकचा कोर्स दोन सेमिस्टरचा, त्याच्या कॉलेजात ऑगस्टलाच सुरू होणारा. तो आत्ता घेतला नाही तर मेपर्यंत पूर्ण होणार नाही, आणि जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांच्या ट्रान्सफर-तयारीच्या यादीत तो असतो. म्हणजे प्रश्न एका ग्रेडचा नव्हता, अख्ख्या वर्षाचा होता. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी फक्त एक आकडा ऐकून दुसरा आकडा सांगितला होता.

तर आजच्या पोस्टमध्ये त्या ६३ ची आणि माझ्या ४० ची अशी दोन्हींची चिरफाड. तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या वर्षी पीएच.डी.चे अर्ज भरणार आहात, आणि "माझे चान्सेस किती?" हा मेसेज मला दर आठवड्याला येतो. म्हणून हे वाचाच.

आधी कॅल्क्युलेटर. असे डझनभर आहेत, मी चार उघडून बघितले. विचारतात काय, तर जीपीए, क्रेडिट्स, राज्य, 'उपक्रम किती', आणि एकाने तर चक्क 'तुमचा निबंध किती चांगला आहे, १ ते ५ पैकी' असं विचारलं. (कोण स्वतःला २ देणार?) कोणते विषय पूर्ण केलेत, हे चारपैकी एकानेही विचारलं नाही. मॉडेल जे विचारत नाही, त्याचा परिणाम त्याच्या उत्तरात असूच शकत नाही. ऑरगॅनिक घेतली काय आणि सोडली काय, वर्तुळ तसंच हिरवं. उलट घेतली आणि 'बी' आला तर वर्तुळ पिवळं. म्हणजे जे केल्याने अर्ज भक्कम होतो, ते केल्याबद्दल हे यंत्र तुम्हाला शिक्षा करतं.

दुसरी गोष्ट. हवामान खातं जेव्हा पावसाची शक्यता ७० टक्के म्हणतं, तेव्हा तो दावा तपासता येतो. ज्या ज्या दिवशी ७० म्हटलं ते सगळे दिवस गोळा करा, आणि त्यातल्या साधारण ७० टक्के दिवशी पाऊस पडला का ते बघा. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाने अशा अंदाजांना गुण देण्याची पद्धत १९५० मध्येच मांडली, आपण आजही 'ब्रायर स्कोअर' म्हणतो. कॅल्क्युलेटरवाल्यांकडे हे गुणपत्रक कुठे आहे? ज्यांना ६३ सांगितले त्यातल्या किती जणांना प्रवेश मिळाला? चारही ठिकाणी याबद्दल एक ओळ नाही. ज्या आकड्याला चुकीचं ठरवायची सोयच ठेवलेली नाही, त्याला अंदाज म्हणू नये. आणि माझ्या ४० चं काय? तेही तसलेच. फक्त माझ्याकडे हिरवं वर्तुळ नव्हतं.

मग खरी माहिती कुठे मिळते? अमेरिकेत 'कॉमन डेटा सेट' नावाचा एक प्रकार आहे. कॉलेज बोर्ड, पीटरसन्स आणि यू.एस. न्यूज अशा प्रकाशकांनी विद्यापीठांबरोबर ठरवलेला हा एक सामायिक नमुना. दरवर्षी विद्यापीठं तो भरतात आणि बहुतेक जण आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. सक्ती नाही. मला हा दस्तऐवज मनापासून आवडतो, कारण त्यात जाहिरातबाजी नसते, नुसती कोष्टकं. पण त्याचे 'सी' आणि 'डी' हे विभाग शेजारी ठेवून वाचा. 'सी' विभाग बारावीनंतर येणाऱ्यांसाठी. त्यात किती अर्ज, किती प्रवेश, परीक्षेतले गुण, वर्गातला क्रमांक, शिवाय निबंधाला किती महत्त्व, शिफारसपत्राला किती महत्त्व असं सविस्तर कोष्टक. 'डी' विभाग ट्रान्सफरवाल्यांसाठी. त्यात नियम आहेत, तारखा आहेत, पण किती जण आले आणि किती जण घेतले याबद्दल मुळात एक छोटं कोष्टक: अर्ज, प्रवेश, प्रत्यक्ष दाखल. संपलं. मुलगे-मुली एवढी फोड मिळते. कोणत्या शाखेत, कुठल्या प्रकारच्या कॉलेजातून, किती जीपीएचे, काही नाही.

यामागे एक साधं कारण दिसतं. रँकिंगमध्ये ट्रान्सफरवाले फारसे मोजलेच जात नाहीत. परीक्षेच्या गुणांचे आकडे पहिल्या वर्षाला आलेल्यांचे असतात. पदवी पूर्ण करण्याचा जो सरकारी दर आहे, तोही पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या तुकडीवर काढतात. कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ मध्ये स्वतःच्याच विद्यापीठाच्या रँकिंगसाठी दिलेल्या आकडेवारीवर सविस्तर लेख लिहिला. त्यांच्या आक्षेपांपैकी एक हाच होता: तिथे ट्रान्सफरने येणारे एवढे असूनही पदवीच्या दरात ते धरले जात नाहीत. कोलंबियाने काही आकडे चुकल्याचं मान्य केलं आणि त्या वर्षी यादीत दुसऱ्या क्रमांकावरून ते अठराव्यावर आले. सवड मिळाली तर तो लेख वाचा. एका गणितज्ञाने फक्त जाहीर कागदपत्रं घेऊन काय करता येतं, याचा नमुना आहे.

असो. ते एक कोष्टक हातात घेऊन सगळे काय करतात? भागाकार. प्रवेश भागिले अर्ज. आणि जे येतं त्याला 'माझी शक्यता' म्हणतात. इथे थांबा. अंश आणि छेद दोन्हीकडे नीट बघा.

प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्सफर बंदच ठेवलं होतं. २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा १,४२९ अर्ज आले आणि १३ जणांना प्रवेश देऊ केला. एक टक्काही नाही. पण हा कार्यक्रम सुरू करताना विद्यापीठाने म्हटलं होतं की कमी उत्पन्नाच्या घरातले, कम्युनिटी कॉलेजातले आणि सैन्यात सेवा केलेले विद्यार्थी यावेत हा हेतू आहे. मग एखाद्या चांगल्या खासगी विद्यापीठात शिकणाऱ्या, आणखी मोठं नाव हवं म्हणून अर्ज करणाऱ्या मुलाची शक्यता ०.९ टक्के का? बहुधा कमी. आणि नौदलात काम करून कम्युनिटी कॉलेजात उत्तम शिकणाऱ्याची? बहुधा बरीच जास्त. किती, ते त्या भागाकारातून कळत नाही, कारण छेदातले १,४२९ एकाच रांगेत उभे नव्हते.

आता हार्वर्ड. मार्च २००८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पुढची दोन वर्षं ट्रान्सफरने कुणालाही घेणार नाही. कारण काय, तर वसतिगृहात जागा नाही. म्हणजे ते अर्जदार आदल्या वर्षीपेक्षा कमी हुशार नव्हते. दर एकदम शून्य. आपण प्रवेशाच्या दराकडे अर्जदाराच्या लायकीचं मोजमाप म्हणून बघतो, पण ट्रान्सफरमध्ये तो मुख्यतः खाटांचा हिशेब असतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला किती जण सोडून गेले, किती खोल्या रिकाम्या झाल्या, त्यावर जागा ठरतात. म्हणूनच "१३ हा आकडा लहान आहे, नमुना-त्रुटी मोठी असेल" असं म्हणून त्यावर विश्वासांतर काढत बसू नका. (एका ज्युनिअरने हे खरंच केलं.) तो नमुना नाही, धोरण आहे.

कॉर्नेलचं उदाहरण अंशाच्या बाजूने गोंधळ घालतं. तिथे बारावीनंतर नाकारलेल्या काही जणांना पत्र येतं: एक वर्ष दुसरीकडे शिका, अमुक ग्रेड ठेवा, मग आमच्याकडे ट्रान्सफर घ्या. पुढच्या वर्षी ही मुलं अर्ज करतात आणि ट्रान्सफरच्या आकड्यात मोजली जातात. बाहेरून दर बघणाऱ्याला वाटतं, अरे वा, इथे तर बरंच सोपं आहे. पण त्या अंशातले बरेच जण वर्षभर आधीच ठरलेले. तुमच्या हातात ते पत्र नसेल तर तुमचा दर त्यांना वगळून काढायला हवा, आणि तसं वगळायची सोय त्या एका कोष्टकात नाही.

कॅलिफोर्नियात परत येते, कारण आमच्या पोराचा प्रश्न तिथलाच. १९६० च्या 'मास्टर प्लॅन'मध्ये या राज्याने ठरवलं की सरकारी विद्यापीठांत वरच्या वर्षांच्या जागा खालच्या वर्षांपेक्षा जास्त ठेवायच्या, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना जागा राहील. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आजही पहिल्या वर्षाला येणाऱ्या दर दोघांमागे एक ट्रान्सफर असं उद्दिष्ट ठेवते आणि राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य देते. परिणाम बघा. यूसीएलएमध्ये बारावीनंतर प्रवेश मिळतो दहात एकाहून कमी जणांना, आणि ट्रान्सफरने साधारण चारात एकाला. काही तासांच्या अंतरावरच्या स्टॅनफर्डमध्ये ट्रान्सफरचा दर तसाच एकेरी आकड्यात, अगदी खालचा. त्यामुळे "ट्रान्सफर सोपं की अवघड?" या प्रश्नाला अर्थच नाही. कुठून कुठे, हे आधी सांगा.

आणि 'कुठे'मध्ये नुसतं विद्यापीठ येत नाही, शाखाही येते. बर्कलीचंच जुनं उदाहरण तुम्ही संख्याशास्त्रात शिकला असाल. १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशात ८,४४२ पुरुषांपैकी ४४ टक्के आणि ४,३२१ स्त्रियांपैकी ३५ टक्के घेतले गेले. सरळसरळ भेदभाव? बिकेल, हॅमेल आणि ओ'कॉनेल यांनी १९७५ मध्ये 'सायन्स'मध्ये विभागवार आकडे मांडले तेव्हा तसं चित्र उरलं नाही. स्त्रियांनी जास्त अर्ज अशा विभागांत केले होते जिथे सगळ्यांनाच प्रवेश अवघड होता. आपण याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणून परीक्षेत पाच मार्कांना लिहितो, आणि स्वतःची शक्यता काढताना मात्र संपूर्ण विद्यापीठाचा दर घेऊन बसतो! कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणारा आणि मानव्यशाखेतल्या एखाद्या लहान विभागाला अर्ज करणारा, दोघांना तोच आकडा.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं एक कौतुक मात्र केलंच पाहिजे. कॅम्पसनुसार आणि शाखेनुसार ट्रान्सफरचे अर्ज किती, प्रवेश किती, प्रवेश मिळालेल्यांचा जीपीए मधल्या पन्नास टक्क्यांत कुठून कुठवर, हे सगळं ते जाहीर ठेवतात. मी पाहिलेल्या सगळ्या साधनांत हे सर्वांत उत्तम. भावाला मी कॅल्क्युलेटर बंद करून हेच उघडायला लावलं.

पण त्यातही आपला पाय घसरतो, आणि मराठी मुलांचा जरा जास्तच घसरतो. का, ते सांगते. आपण कॅप राउंडवर वाढलो आहोत. थेट द्वितीय वर्षाचा डिप्लोमावाला काय करतो? मागच्या वर्षीचा कटऑफ काढतो, कॉलेज, शाखा, प्रवर्ग बघतो, आपले टक्के त्यावर आहेत का ते बघतो. कटऑफच्या वर असलात तर जवळजवळ नक्की, खाली असलात तर पुढच्या फेरीची वाट. तिथे शक्यतेचा प्रश्नच फार उरत नाही, रांग एकच आणि क्रम ठरलेला. ही सवय घेऊन आपण 'प्रवेश मिळालेल्यांचा जीपीए ३.८ ते ४.०' असं वाचतो आणि मनात लगेच ३.८ ला कटऑफ करून टाकतो. माझा ३.९, म्हणजे झालंच.

नाही झालं. समजा (हे आकडे मी रचलेले आहेत, हिशेब कळावा म्हणून) एका शाखेला १,००० अर्ज आले. त्यातले ६०० जण ३.८ किंवा त्यावरचे. प्रवेश १०० जणांना, त्यातले ७५ जण ३.८ च्या वरचे. 'प्रवेश मिळालेल्यांपैकी तीन चतुर्थांश ३.८ च्या वर', हे खरं. पण ३.८ च्या वर असलेल्या ६०० पैकी मिळाला ७५ जणांना, म्हणजे साडेबारा टक्के. आठात एक. उरलेल्या ४०० पैकी २५, म्हणजे सव्वासहा टक्के. चांगल्या जीपीएने शक्यता दुप्पट झाली, हेही खरं, आणि तरी आठातल्या सात जणांना नकार आला, हेही खरं. कोष्टकात पहिली गोष्ट छापलेली असते, तुम्हाला हवी असते दुसरी. प्रवेश मिळाला असता जीपीए किती, आणि जीपीए इतका असता प्रवेश किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बेजचं सूत्र पाठ असलेले लोक इथे चुकतात. मी चुकले, त्या बसमध्ये.

ऐकीव उदाहरणांबद्दल थोडक्यात. "माझ्या मित्राचा ३.६ होता, त्याला मिळालं." मी माळरानावरचे पक्षी मोजते. सकाळी उभं राहायचं आणि दहा मिनिटांत जे ऐकू येतील, दिसतील ते नोंदवायचे. जो चंडोल गातो तो मोजला जातो, जो गवतात गप्प बसलाय तो नाही. म्हणून आमच्याकडे 'दिसले नाहीत' आणि 'नाहीत' यात फरक करायची स्वतंत्र पद्धत असते, त्याशिवाय गाइड प्रकरण परत पाठवतात. प्रवेश मिळालेला मुलगा गातो. नकार आलेला गप्प. एवढं लक्षात ठेवा.

भावाने मग नवीन मुद्दा काढला, आणि तो बिनडोक नव्हता. "ताई, समजा प्रत्येक ठिकाणी दहाच टक्के. पण मी आठ ठिकाणी भरतो. एक तरी लागेलच ना?" सूत्र त्याला येत होतं: एक वजा ०.९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ५७ टक्के. गणित बरोबर. गृहीतक चूक. आठही ठिकाणी जाणारा विद्यार्थी एकच, ग्रेड त्याच, शिफारसपत्रं तीच, निबंध थोडेफार फिरवलेले. एका ठिकाणी ज्या उणिवेमुळे नकार येईल ती बाकीच्या सात ठिकाणीही बरोबर घेऊन जातो. घटना स्वतंत्र नाहीत. आठही निर्णय अगदी सारखेच पडले असते तर शक्यता दहाच टक्के राहिली असती. खरं उत्तर दहा आणि सत्तावन्नच्या मध्ये कुठेतरी. तुम्ही आठ संस्थांना एकच 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नाव बदलून पाठवता, तेव्हा तुम्हीही स्वतःला दहाच्या बाजूला ढकलत असता.

मामाचा प्रश्न वेगळाच. "एवढं नावामागे धावायला हवं का?" यावर डेल आणि क्रूगर यांचा २००२ चा गाजलेला अभ्यास आहे. सारख्याच प्रकारच्या कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि स्वीकारल्या गेलेल्या मुलांची तुलना केली, तर जास्त निवडक कॉलेजात गेल्याने पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक दिसला नाही. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र फायदा दिसला. मामाला पहिलं वाक्य आवडलं, मामीला दुसरं. मी दोघांना सांगितलं की ती मुलं १९७६ मध्ये कॉलेजात गेलेली आहेत आणि तो अभ्यास ट्रान्सफरवाल्यांबद्दल नाही. दोघेही माझ्यावर नाराज.

मग त्याची शक्यता काढायची तरी कशी? जॉन व्हेन, तोच आकृत्यांवाला, त्याने १८६६ च्या पुस्तकात ही अडचण मांडली होती: कुठलाही माणूस एकाच वेळी असंख्य गटांत बसतो, आणि प्रत्येक गटाचा दर वेगळा. गट फार मोठा घेतला (सगळे अर्जदार) तर तुमच्याबद्दल काही कळत नाही. फार लहान घेतला (साताऱ्याचे, जीवशास्त्राचे, ३.९ वाले) तर गटात तुम्ही एकटेच, मोजणार काय? मी इथे एक व्यवहारी नियम वापरते, सिद्धांत नाही. जिथवर जाहीर आकडे साथ देतात तिथवर गट बारीक करायचा, पुढे टक्के सांगायचे नाहीत, फक्त दिशा सांगायची. त्याच्याबाबतीत: राज्यातलं कम्युनिटी कॉलेज, हो. जीवशास्त्र, अमुक कॅम्पस, हो, आकडा आहे. त्यापुढे, ३.९ असल्याने त्या आकड्याच्या वर. ऑरगॅनिक नसेल तर खाली, आणि बहुधा बरंच खाली, कारण शाखा भरलेली असताना तयारीचे विषय अपुरे असलेला अर्ज बाजूला ठेवणं सोपं असतं. बस. यापुढे कुणी ६३ किंवा ४० म्हणालं तर ते मनचं.

हे लिहून काढल्यावर एक गोष्ट दिसली जी कुठल्याही टक्क्यात दिसली नसती. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. हमीचा अर्ज सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पसला करता येतो, आणि तो केला म्हणून बाकीच्यांना अर्ज करायची बंदी नाही. आमच्या पोराला हे माहीत होतं, पण त्याने ते 'हरणाऱ्यांसाठी' म्हणून बाजूला टाकलं होतं. हिरवं वर्तुळ ६३ दाखवत असताना हमी कोण बघतो! त्याची शक्यता किती हा प्रश्न अर्धा बाजूला ठेवून, कुठल्या कॅम्पसची हमी घ्यायची आणि तिच्या अटींत कोणते विषय आहेत, याच्यावर आम्ही दोन रात्री घालवल्या. माझ्या दोन रात्री, त्याच्या दोन दुपारी. यादी त्याने 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावरून काढली, जिथे कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो ते दिलेलं असतं. ऑरगॅनिक त्या यादीत होती.

वर्ग सुरू होऊन चार दिवस झाले होते. जागा भरल्या होत्या. तो पहिल्या दोन तासांना मागे उभा राहिला आणि कुणीतरी कोर्स सोडल्यावर मॅडमकडून प्रवेशाचा कोड घेऊन आत शिरला.

सप्टेंबरमध्ये हमीचा अर्ज गेला, नोव्हेंबरमध्ये बाकीचे. ऑरगॅनिकच्या पहिल्या सेमिस्टरला त्याला 'बी' मिळाला, जानेवारीत ग्रेड कळवताना त्याने तो कळवला. जीपीए ३.९ वरून थोडा घसरला. परवा मामीने विचारलं, "आता किती टक्के गं?" मी म्हटलं, "मामी, एका ठिकाणी अटी पूर्ण झाल्या तर नक्की. बाकी ठिकाणचं मला सांगता येणार नाही." मामी म्हणाली, "मग एवढं शिकून काय उपयोग?" आणि फोन मामाकडे दिला.

निकाल एप्रिलअखेर. तोवर त्याची ऑरगॅनिकची दुसरी सेमिस्टर चालू आहे, आणि काल रात्री त्याने मला कार्बोनिलच्या प्रश्नाचा फोटो पाठवला, जो मला सुटला नाही. तुमच्यापैकी कुणी केमिस्ट्रीवालं असेल तर मला लिहा.